ना सैन्य, ना व्यापार, मग हा राजदूत करतो काय? आर्चबिशप आयव्हन डायस यांची गोष्ट

(ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना दोनदा आलेली वाक्यं काढलीत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

सोनपेठहून बोलतोय. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत असेल तर तो तसाच ऐका, खिडकी लावली की उकाड्यानं जीव जातो.

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून सुचला. मागच्या वेळी आपण दूतावास म्हणजे काय, यावर बोललो होतो. त्यावर गंगाखेडच्या एका मित्राचा प्रश्न आला. पोरगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. त्याचं म्हणणं, "दादा, व्हॅटिकनचा राजदूत पाद्री असतो म्हणे. मग तो व्हिसा देतो का प्रार्थना शिकवतो?"

मी आधी हसलो. मग उत्तर द्यायला बसलो, तर लक्षात आलं की मलाही धड माहीत नाही. मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात कुणी नाही. पण वाचत गेलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. हा माणूस आपल्या मुंबईचा, वांद्र्याचा. त्याची नोकरी कळली की तो प्रश्न आपोआप सुटतो.

आधी थोडं पायाभूत. व्हॅटिकन सिटी हा जगातला सगळ्यात छोटा देश, ४४ हेक्टर. आपल्या हिशोबात सांगायचं तर साधारण ११० एकर. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या गावचं शिवारसुद्धा याहून कितीतरी मोठं असतं. पण गंमत अशी आहे की राजदूत पाठवतो तो हा ११० एकरांचा देश नाहीच. पाठवते ती "होली सी", म्हणजे पोपची गादी. ही गादी देशाहून जुनी. १८७० मध्ये इटलीनं रोम घेतलं, तेव्हापासून १९२९ च्या लॅटेरन करारापर्यंत पोपकडे राज्य म्हणावं अशी जमीन नव्हती. तरी त्याचे दूत जगभर काम करतच होते. म्हणजे सातबारा नाही, पण पाटीलकी चालू! परीक्षेला बसणाऱ्यांनी हा फरक डोक्यात ठेवा, यात भलेभले फसतात.

या दूताला म्हणतात न्युन्सिओ. दर्जा पूर्ण राजदूताचा. राजनैतिक संबंधांबद्दलचा १९६१ चा व्हिएन्ना करार आहे ना, त्यात राजदूताच्या शेजारीच "न्युन्सिओ" हा शब्द छापलेला आहे. कित्येक कॅथलिक देशांत तर तो नवा आलेला असला तरी सगळ्या राजदूतांच्या रांगेत पहिला उभा राहतो. भारताचे आणि होली सीचे संबंध १९४८ पासूनचे. त्यांचा दूतावास दिल्लीत, चाणक्यपुरीत. आपण मात्र रोममध्ये वेगळा माणूस ठेवत नाही. स्वित्झर्लंडमधल्या आपल्या राजदूताकडेच हे काम जोडून दिलेलं असतं. अतिरिक्त कार्यभार! हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

आता मुख्य मुद्दा. सैन्य नाही, व्यापार नाही, तेल नाही, मग हा न्युन्सिओ दिवसभर करतो काय? सरकारशी बोलणी करतो, अहवाल पाठवतो, ते तर आहेच. पण त्याच्या हातातलं सगळ्यात वजनदार काम वेगळंच आहे. त्या देशात कुठं बिशप नेमायचा झाला, तर नावं शोधून रोमला पाठवतो तो. माणसं निवडायचं काम.

हे काम किती नाजूक आहे त्यासाठी मुंबईचीच गोष्ट ऐका. मला ती वाचेपर्यंत अजिबात माहीत नव्हती.

पोर्तुगीज भारतात आले तेव्हापासून इथल्या चर्चवर त्यांच्या राजाचा हक्क होता, त्याला पाद्रोआदो म्हणायचे. पोर्तुगालची सत्ता आटली तरी हा हक्क काही सुटला नाही. १९२८ मध्ये एक तोडगा निघाला, की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज असेल आणि एकदा ब्रिटिश. आळीपाळीनं! भारतीय माणसाची पाळी त्या यादीतच नव्हती. १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट थॉमस रॉबर्ट्स आले. या माणसाला हे पटत नव्हतं. भारतीयाच्या हाती कारभार जावा म्हणून ते १९४६ मध्ये वाट मोकळी करून निघून गेले, आणि व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप केलं गेलं. पण रॉबर्ट्स यांच्यानंतर पाळी येत होती पोर्तुगीजाची. म्हणजे देश स्वतंत्र झाला, राज्यघटना लागू झाली, आणि मुंबईचा आर्चबिशप कोण यात लिस्बनचा शब्द अजून शिल्लक. शेवटी जुलै १९५० मध्ये होली सी आणि पोर्तुगालमध्ये करार झाला, पोर्तुगालनं तो हक्क सोडला. त्याच डिसेंबरात ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

तर हे सगळं चाललेलं असताना वांद्र्यात एक चौदा वर्षांचा मुलगा शाळेत जात होता. आयव्हन डायस. जन्म १४ एप्रिल १९३६. कुटुंब मूळ गोव्यातल्या वेळसांवचं, वडील मुंबई सरकारच्या गृहखात्यात अधिकारी. शाळा वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस. पुढं मुंबईच्या सेमिनरीत शिक्षण, आणि ८ डिसेंबर १९५८ ला धर्मगुरूपदाची दीक्षा. दीक्षा दिली कुणी? त्याच ग्रेशियस यांनी, ते तोवर कार्डिनल झाले होते.

तीन वर्षं मुंबईत काम केल्यावर त्यांना रोमला पाठवलं गेलं, आणि इथून त्यांचं आयुष्य वळलं.

रोममध्ये पँथिऑन नावाची प्राचीन वास्तू आहे, तिच्या मागच्या चौकात एक संस्था आहे. पाँटिफिकल एक्लेझिअ‍ॅस्टिकल अकॅडमी. स्थापना १७०१. म्हणजे इकडे औरंगजेब किल्ले घेत फिरत होता, तेव्हाची. पोपचे मुत्सद्दी इथं घडतात. आपल्या मसुरीसारखं समजा, पण एक मोठा फरक आहे. इथं अर्ज भरून, पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत असं काही नाही. तुमचा बिशप तुमचं नाव सुचवतो, किंवा रोम तुम्हाला मागून घेतं. दीक्षा घेतलेला धर्मगुरूच लागतो. म्हणजे "मला राजदूत व्हायचंय" म्हणून कुणी तिथं जाऊच शकत नाही. २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आणखी एक अट घातली, की दूतावासात जाण्याआधी वर्षभर कुठल्या तरी मिशन भागात जाऊन काम करायचं. मला ही अट आवडली. आधी चिखल, मग गालिचा.

डायस तिथं १९६१ ते १९६४ होते. चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट केली. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात पाय ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसचा मोठा सोहळा झाला. त्या दौऱ्याच्या तयारीत हा अठ्ठावीस वर्षांचा मुंबईकर होता. त्यानंतर मात्र तो मुंबईत राहायला परतला तो थेट १९९७ मध्ये.

बदल्यांची यादी भराभर सांगतो. आधी उत्तर युरोपातले देश, डेन्मार्क, स्वीडन वगैरे. मग इंडोनेशिया. मग मादागास्कर आणि आसपासची बेटं. १९७३ ते १९८२ रोमच्या मुख्य कार्यालयात. तिथं त्यांच्या टेबलावर कुठले देश होते ऐका: सोव्हिएत युनियन, पोलंड, चीन, व्हिएतनाम, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया. शीतयुद्धात जिथं जिथं चर्चचा श्वास कोंडलेला, त्यातले कितीतरी देश एका टेबलावर.

माझ्या मामांची सरकारी नोकरी होती, दर तीन-चार वर्षांनी बदली. मामी म्हणायच्या, नव्या गावात आधी दूधवाला शोधायचा, मग मैत्रीण. डायस यांच्या बाबतीत दर वेळी आधी भाषा शोधायची. त्यांना सोळा-सतरा भाषा येत, असं त्यांच्याबद्दल लिहिलं जायचं. निम्म्या जरी धरल्या तरी माझा माइक बंद ठेवावा असं वाटतं.

मे १९८२ मध्ये बढती झाली. घाना, टोगो आणि बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या तीन देशांचे दूत. इथं तुम्हाला कागदपत्रांत एक शब्द दिसेल, "प्रो-न्युन्सिओ". घाबरू नका. जिथं पोपच्या दूताला रांगेत पहिला मान देत नाहीत, त्या देशांत तेव्हा हे नाव वापरायचे. नव्वदच्या सुरुवातीला ते बंद झालं, आता सगळीकडे न्युन्सिओच.

आणि याच वेळी ते आर्चबिशप झाले. म्हणजे कुठले आर्चबिशप? तर रुसुबिसिरचे! आता हे रुसुबिसिर म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं रोमन काळातलं गाव. आज तिथं धर्मप्रांत उरलेला नाही. पद्धत अशी आहे की न्युन्सिओला आर्चबिशपचा दर्जा हवा, कारण त्याला देशातल्या बिशपांशी बरोबरीनं बोलायचं असतं. पण आर्चबिशप म्हटलं की त्याला गाव हवं. मग एखादं बुडालेलं जुनं गाव त्याच्या नावावर लावतात. आपल्याकडे नाही का, जमीन धरणात गेली तरी आजोबा त्याच गावचे पाटील म्हणून ओळखले जातात. तसंच. १९ जून १९८२ ला विधी झाला. तो केला कार्डिनल कासारोली यांनी, कम्युनिस्ट सरकारांशी वर्षानुवर्षं बोलणी करत राहिलेले व्हॅटिकनचे गाजलेले मुत्सद्दी. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ते तीन देश तेव्हा कसे होते? घानात जेमतेम काही महिन्यांपूर्वी लष्करी अधिकारी रॉलिंग्ज यांनी सत्ता घेतलेली. टोगोत लष्करातूनच आलेले एयादेमा. बेनिननं तर स्वतःला मार्क्सवादी राष्ट्र जाहीर केलेलं. पाच वर्षं तिथं. मग १९८७ मध्ये दक्षिण कोरिया. त्याच वर्षी सोलमध्ये लोकशाहीसाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि म्यंगदाँगच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी आसरा घेतला होता. हा वेगळ्या भागाचा विषय आहे, कधीतरी करू.

आता अल्बेनिया. खरं तर मला आज एवढंच सांगायचं होतं, पण आधीचं सांगितल्याशिवाय याचं वजन कळलं नसतं.

नकाशा काढा. ग्रीसच्या वर, समुद्रापलीकडे इटली. छोटासा डोंगराळ देश. मुसलमान जास्त, मग ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, उत्तरेत कॅथलिक. एन्व्हर होजा नावाचा हुकूमशहा चार दशकं सत्तेवर. १९६७ मध्ये त्यानं धर्मच बंद केला. एखाद्या धर्मावर बंदी नाही, सगळ्या धर्मांवर. दोन हजारांहून जास्त मशिदी, चर्च, दर्गे बंद झाले. कुठं गोदाम केलं, कुठं पाडलं. श्कोदर गावातल्या मोठ्या कॅथेड्रलचं इनडोअर स्टेडियम झालं. १९७६ च्या राज्यघटनेत तर लिहूनच टाकलं, की राज्य कुठलाही धर्म मानत नाही. धार्मिक वाटणारी नावं बदला म्हणून १९७५ मध्ये फर्मान निघालं. विचार करा, आपल्याकडे उद्या सांगितलं की विठ्ठल, रहीम, मारिया ही नावं चालणार नाहीत.

मदर तेरेसा मूळच्या अल्बेनियन. जन्म स्कोप्येचा, पण आई आणि बहीण राहायच्या तिराना या राजधानीत. कोलकात्यातून त्यांनी आईला भेटायचा खूप प्रयत्न केला, सरकारनं होऊ दिलं नाही. १९७२ मध्ये आई गेली. जगभर ओळखल्या जाणाऱ्या बाईला आईचं शेवटचं दर्शन मिळालं नाही. बाकीच्या साध्या माणसांचं काय झालं असेल?

१९९० च्या नोव्हेंबरात श्कोदरच्या दफनभूमीत एका धर्मगुरूनं उघड्यावर मिस्सा केली. सिमोन जुबानी त्यांचं नाव, आयुष्यातली पंचवीसहून जास्त वर्षं तुरुंगात काढलेली. बंदी अजून पुरती उठलेली नव्हती, तरी हजारो लोक जमले. सप्टेंबर १९९१ मध्ये अल्बेनिया आणि होली सीचे संबंध पुन्हा सुरू झाले, आणि ऑक्टोबरात दूत म्हणून नेमणूक झाली आयव्हन डायस यांची. वय ५५.

आता बघा, इतर देशांत राजदूत जातो तेव्हा तिथं काहीतरी आधी असतं. इथं तेवीस वर्षांची पाटी कोरी केलेली. मोजके म्हातारे धर्मगुरू, त्यातले बरेच तुरुंगातून सुटलेले. एका पिढीनं प्रार्थना फक्त कुजबुजीत ऐकलेली. दूताचं नेहमीचं काम म्हणजे बिशपांच्या नावांची यादी करणं. पण यादी करायला माणसं उरलीत कुठं?

नावं आली ती तुरुंगातून. २५ एप्रिल १९९३ ला पोप दुसरे जॉन पॉल अल्बेनियात आले आणि त्यांनी श्कोदरच्या त्याच कॅथेड्रलमध्ये, जे काल-परवापर्यंत खेळाचं सभागृह होतं, चार नवे बिशप केले. त्यातले फ्रानो इलिया. त्यांना १९६८ मध्ये देहदंड ठोठावला होता, नंतर तो कमी करून कैद दिली. झेफ सिमोनी, तेही कैदेत राहिलेले. रॉक मिर्दिता न्यूयॉर्कहून आलेले. चौथे रॉबर्ट आश्ता. मदर तेरेसा त्या दिवशी हजर होत्या.

रिवाज असा की ही नावं रोमला जायचा रस्ता न्युन्सिओच्या टेबलावरूनच जातो. त्या टेबलापाशी बसला होता वांद्र्याचा माणूस. मला राहून राहून वाटतं, त्याच्या जागी आपण असतो तर नाव कसं निवडलं असतं? कोण खरंच टिकून राहिला, कुणी दबावाखाली सही केली, कुणाचं शरीर आता साथ देणार नाही. आणि चूक झाली तर नुकतेच विश्वास ठेवायला शिकलेले लोक पुन्हा घरात जाऊन दार लावणार.

शिवाय एक जादा काम. दक्षिण अल्बेनियात कॅथलिक अगदी थोडे, तिथं बिशपच नव्हता. १९९२ पासून तोही भार डायस यांच्याकडेच. म्हणजे राजदूत आणि गावोगाव फिरणारा धर्मगुरू, दोन्ही एकच माणूस. तेव्हाच ऑर्थोडॉक्स चर्च उभं करायला ग्रीसहून अनास्तासिओस हे बिशप आले होते. दोन परदेशी माणसं, दोन वेगळे पंथ, आणि काम तेच. एक अल्बेनियन मुलगी कोलकात्यात आली आणि मुंबईतला एक मुलगा अल्बेनियात गेला. असं काही मी गोष्टीत लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, फार जुळवून आणलंय.

१९९६ च्या नोव्हेंबरात त्यांना मुंबईचे आर्चबिशप नेमलं. मार्च १९९७ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली, म्हणजे ग्रेशियस यांची गादी, मध्ये कार्डिनल पिमेंटा. २००१ मध्ये डायस स्वतः कार्डिनल झाले. २००५ मध्ये नवा पोप निवडायचा होता तेव्हा संभाव्य नावांत वर्तमानपत्रं त्यांचंही नाव छापत होती. मला मात्र वाटतं की हा काळ त्यांना सोपा गेला नसणार. बत्तीस वर्षं बाहेर राहिलेला माणूस साहेब होऊन गावी परततो, तेव्हा गाव बदललेलं असतं आणि लोकांना तो पाहुणा वाटतो. मुत्सद्द्याला सवय असते कमी बोलायची, आणि मुंबईच्या लोकांना आर्चबिशप बोलता हवा असतो. हे माझं मत, तुम्हाला पटायलाच हवं असं नाही.

मे २००६ मध्ये त्यांना रोमला बोलावून एक खातं दिलं, जगभरातल्या मिशन प्रदेशांचं. आफ्रिका, आशियाचा मोठा भाग त्याच्याखाली. आणि इथं परभणी येते, बरं का.

आपला परभणी जिल्हा येतो औरंगाबाद धर्मप्रांतात. हा धर्मप्रांत १९७७ मध्ये अमरावतीतून वेगळा काढला, मराठवाड्यासाठी. समजा तिथल्या बिशपची जागा रिकामी झाली. मग काय होतं? आसपासचे बिशप अधूनमधून योग्य धर्मगुरूंची नावं कळवून ठेवतात. दिल्लीतला न्युन्सिओ त्यातली काही घेऊन चौकशी सुरू करतो. त्या माणसाला ओळखणाऱ्यांना गोपनीय प्रश्नावली जाते: तब्येत कशी, पैशाचा व्यवहार कसा, लोकांशी वागणं कसं, रागीट आहे का. ज्याच्याबद्दल विचारलं त्याला कळू द्यायचं नाही. शेवटी तीन नावं, आणि आपलं मत, असं पाकीट रोमला. भारतातल्या लॅटिन पद्धतीच्या धर्मप्रांतांची पाकिटं जातात त्याच मिशन खात्याकडे, आणि मग पोपकडे. २००६ ते २०११ या खात्याच्या खुर्चीत डायस होते. म्हणजे पाकीट भरणारा माणूस आता पाकीट उघडणारा झाला होता.

यावर तुम्ही विचाराल, की लोकांना का नाही विचारत? रास्त प्रश्न आहे. मलाही ही पद्धत जरा बंद दारामागची वाटते. पण मुंबईची ती आळीपाळी आठवा. तिथं सरकारला विचारायचे, आणि सरकार होतं लिस्बनचं. चीनमध्ये याच मुद्द्यावर बीजिंग आणि रोम कित्येक वर्षं भांडले. २०१८ मध्ये बिशप नेमण्याबद्दल त्यांचा तात्पुरता करार झाला, तरी राजनैतिक संबंध नाहीतच, होली सीचे संबंध अजून तैवानशी आहेत. नाव कोण सुचवणार, एवढ्याशा वाक्यात केवढं काय अडकलेलं असतं.

डायस २०११ मध्ये निवृत्त झाले आणि रोममध्येच राहिले. १९ जून २०१७ ला त्यांचं निधन झालं. मघाची तारीख आठवली? त्यांना रुसुबिसिरचं आर्चबिशपपद देणारा विधी झाला तो १९ जूनलाच. बरोबर पस्तीस वर्षं.

तर गंगाखेडच्या मित्रा, तुझं उत्तर. प्रार्थना तो शिकवतो, पण ती त्याची नोकरी नाही. आणि व्हिसा तो देत नाही. व्हॅटिकन बघायचं असेल तर इटलीतूनच आत शिरावं लागतं, म्हणून शेंगेन व्हिसा काढ, इटलीच्या खिडकीवर. चाणक्यपुरीच्या त्या फाटकाशी रांग लावू नकोस.

व्हॉइस नोट पाठवत राहा. फक्त तीन मिनिटांच्या आत पाठवा राव, इथं रेंज एक काडी येते.